फिनलंडच्या घरात सौना नव्याने बांधायचाय? खर्च किती, लाकूड कुठलं आणि पैसे नेमके कुठे घालायचे

इथे घर घेतलेल्या आपल्या मराठी लोकांकडे गेलं की एक गोष्ट हमखास दिसते. बाथरूमच्या पलीकडे एक लाकडी दार असतं, ते उघडलं की आत सुटकेसा, तांदळाची पोती, दिवाळीचे आकाशकंदील आणि पोरांची छोटी झालेली सायकल. सौना, म्हणजे ती गरम वाफेत बसायची लाकडी खोली, आहे पण त्याची अडगळीची खोली झालीय. आमच्याकडे, हेलसिंकीजवळच्या एस्पोला, पहिली तीन वर्षं हेच होतं, घर १९८४ चं, सौनाही तेव्हाचाच, फळ्या काळ्या पडलेल्या, बाक डुगडुगता, आणि वास असा की आत जावंसंच वाटायचं नाही. मग एका हिवाळ्यात ठरवलं की हा पाडून नवा करायचा, आणि त्यात जे काही शिकले ते सगळं इथे ओळीने लिहितेय, कारण नव्याने घर घेतलेले बरेच जण हल्ली हेच विचारतात.

बाकी काही वाचायच्या आधी हे करा: तुमच्या सौनात आत्ता सामान असेल तर स्विचबोर्डवर जाऊन हीटरचा फ्यूज बंद करा, आजच. सौनात भरलेलं सामान किंवा वाळत घातलेले कपडे, आणि कुणाकडून तरी चुकून चालू झालेला हीटर, हे इथल्या घरांना आग लागायचं नेहमीचं कारण आहे. लहान मुलं बटणं फिरवतात, टायमर लागून राहतो आणि आपल्या लक्षातच येत नाही.

आता चार शब्द, कारण दुकानात सगळ्या पाट्या फिनिशमध्येच असतात. किउआस म्हणजे दगड ठेवलेली शेगडी किंवा हीटर. लाउतेएत म्हणजे बसायचे बाक. लोय्ल्यू म्हणजे गरम दगडांवर पाणी टाकलं की जी वाफ उठते ती, आणि नुसती वाफ नाही तर तिचा तो अंगावर येणारा स्पर्शसुद्धा. इथले लोक सौना चांगला की वाईट हे फक्त लोय्ल्यूवरून ठरवतात, लाकूड किती महाग आहे यावरून नाही. आणि हो, उच्चार सॉना नाही, सौ-ना. साधारण ५६ लाख वस्तीच्या या देशात ३० लाखांच्या आसपास सौना आहेत आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने फिनिश सौना संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं, तर उच्चार तेवढा त्यांच्यासारखा करूया.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं त्या नजरेने वाचता येईल. पैसे जिथे दिसत नाहीत तिथे घाला. फॉइल, इन्सुलेशन, हवा यायची-जायची वाट, बाकाची उंची, दगड. काचेची भिंत, रंगीत लाइट, महागडं डिझाइन हे नंतर, उरले पैसे तर.

पायरी १: हातोडा उचलायच्या आधी

घर १९९४ च्या आधीचं असेल तर पाडापाडी सुरू करायच्या आधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी करून घ्या. जुन्या टाइलच्या खालच्या चिकट थरात, पुट्टीत, पाइपांच्या आवरणात तो असू शकतो, आणि तोडताना उडालेली धूळ थेट फुफ्फुसात जाते. बाहेरचा माणूस काम करणार असेल तर इतक्या जुन्या घरात तोही हा रिपोर्ट मागतोच, मागायलाच हवा. खर्च काहीशे युरो होतो, जीव थोडा खालीवर होतो, पण यात कसर करू नका.

रो-हाऊस किंवा फ्लॅट असेल तर हाउसिंग कंपनीला, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारखंच जे असतं त्याला, आधी लेखी कळवावं लागतं. वॉटरप्रूफिंगला हात लावणार असाल तर नक्कीच. आमचं स्वतंत्र घर म्हणून ही भानगड नव्हती, पण मैत्रिणीने न कळवता टाइल काढल्या आणि मग दोन महिने नुसत्या मेलामेलीत गेले.

फरशी आणि वॉटरप्रूफिंग शाबूत असेल तर त्याला हातच लावू नका. हे सगळ्यात मोठं पैसे वाचवणारं वाक्य आहे या लेखातलं. फरशी उखडली की नवा उतार, नवं वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल, जाळीची जोडणी, त्यासाठी सर्टिफिकेट असलेला माणूस, आणि बिल एकदम काही हजारांनी वर जातं. आमच्या फरशीला जाळीकडे नीट उतार होता, पाणी कुठे साचत नव्हतं, ओलाव्याची तपासणी करून घेतली, ती ठीक आली, मग ती तशीच ठेवली आणि फक्त सांधे परत भरले.

पायरी २: माप घ्या आणि किउआस किती किलोवॅटचा ते काढा

आमचा सौना २ मीटर बाय १.८ मीटर, उंची २.२ मीटर. म्हणजे ७.९ घनमीटर. ढोबळ हिशोब असा की नीट इन्सुलेशन केलेल्या लाकडी सौनाला एका घनमीटरला एक किलोवॅट. पण काच, टाइल, दगड, वीट असा इन्सुलेशन नसलेला उघडा पृष्ठभाग असेल तर त्याच्या दर चौरस मीटरमागे हिशोबात साधारण १.२ घनमीटर वाढवायचे, कारण ते उष्णता पिऊन टाकतात. आमचं दार काचेचं, १.३ चौरस मीटरचं, म्हणजे दीडेक घनमीटर वाढले, एकूण साडेनऊच्या आसपास. म्हणून ८ किलोवॅटचा घेतला, कंपनीच्या तक्त्यात तो ७ ते १२ घनमीटरला चालतो असं होतं. जर मी मनात होती तशी अख्खी एक भिंत काचेची केली असती, म्हणजे जवळजवळ चार चौरस मीटर, तर हिशोब चौदा घनमीटरच्या वर गेला असता, हीटर मोठा, केबल जाड, दर वेळेला वीज जास्त. काचेच्या भिंतीची किंमत फक्त काचेची नसते हे मला इथे कळलं.

आणि उलटं पण करू नका, की चला मोठाच घेऊ म्हणजे लवकर तापेल. गरजेपेक्षा मोठा किउआस हवा झटक्यात तापवतो, थर्मोस्टॅट बंद होतो, आणि दगड आतून तापलेलेच नसतात. मग पाणी टाकलं की फुस्स, ओलं ओलं काहीतरी, लोय्ल्यू नाहीच. थर्मामीटर ८० दाखवतो आणि तरी सौना थंड वाटतो त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

८ किलोवॅट म्हणजे थ्री-फेज, ४०० व्होल्ट, १६ अँपिअरचे तीन फ्यूज. ही जोडणी फक्त परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियननेच करायची, कायदाही तोच आणि विमाही त्याशिवाय उभा राहत नाही. आपल्यात कुणीतरी इलेक्ट्रिकल इंजिनियर असतोच, तो म्हणतो मी करून देतो, त्याला प्रेमाने चहा पाजा आणि नाही म्हणा.

पायरी ३: भिंतीच्या आतलं, जे परत कधी दिसणार नाही

इथे सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण इथेच सौना जगतो किंवा सडतो.

सौनातली हवा तापलेली आणि दमट, पलीकडच्या भिंतीत हवा थंड. वाफ फटीतून भिंतीत शिरली की आत थंड जागी तिचं पाणी होतं, ते सुकत नाही, मग लाकडी सांगाडा कुजतो आणि बुरशी येते, आणि हे सगळं सुंदर फळ्यांच्या मागे वर्षानुवर्षं चालू राहतं, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आमची जुनी फॉइल काढली तेव्हा कोपऱ्यात सांधे नुसतेच एकमेकांवर ठेवलेले होते, टेप नव्हतीच, आणि त्याच कोपऱ्यातली पट्टी बोटाने दाबली तर आत जात होती. वास कुठून येत होता ते तेव्हा कळलं.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सांगाड्यात मिनरल वूल भरायचं आणि त्यावर सौनासाठीचा अ‍ॅल्युमिनियम पेपर लावायचा. साधं प्लास्टिक नाही, ते या उष्णतेत टिकत नाही आणि उष्णता परतही फिरवत नाही. दुसरा म्हणजे दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेले कडक पीआयआर बोर्ड, म्हणजे इन्सुलेशनच्या घट्ट फोमचे, साधारण ३० मिलिमीटर जाड, ते भिंतीवर ठोकायचे, सांध्यांत फोम भरायचा, फोम वाळला की कापून वरून अ‍ॅल्युमिनियम टेप. जुन्या घराच्या नूतनीकरणाला दुसरा रस्ता सोपा, जागा कमी जाते, आणि नवख्या माणसाच्या हातूनही नीट होतो. आम्ही तोच घेतला. आधी छत, मग भिंती, असं करायचं म्हणजे छताचा सांधा भिंतीच्या बोर्डने दाबला जातो.

टेपमध्ये पैसे वाचवू नका. एक रोल १० युरोच्या आसपास, आम्हाला तीन लागले. प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रूचं डोकं, केबल जिथून बाहेर येते तो भोक, व्हेंटच्या पाइपाभोवती, सगळीकडे. शेजारचे आजोबा, आयुष्यभर सुतारकाम केलेले, ते संध्याकाळी टॉर्च घेऊन आले आणि एकेक सांधा अंगठ्याने घासत गेले, दोन जागी त्यांना फट सापडली, काही न बोलता त्यांनी टेपसाठी हात पुढे केला. मला तो क्षण अजून आठवतो, इथल्या माणसांचं प्रेम असंच असतं, बोलून दाखवत नाहीत.

मग फॉइल आणि फळी यांच्यात हवेची फट हवी, २० ते २५ मिलिमीटर. त्यासाठी फॉइलवर पट्ट्या ठोकायच्या आणि फळ्या त्या पट्ट्यांवर. ही फट नसेल तर फळीची मागची बाजू सुकत नाही. फळ्या आडव्या लावणार असाल तर पट्ट्या उभ्या येतात आणि हवा खालून वर आपोआप फिरते. उभ्या फळ्या हव्या असतील तर पट्ट्या आडव्या येतात, मग मध्ये मध्ये गाळे सोडावे लागतात नाहीतर हवा अडते. आम्ही आडव्या लावल्या, आणखी एक कारण म्हणजे खालच्या दोन-तीन फळ्या पाण्याने आधी खराब होतात, तेव्हा तेवढ्याच बदलता येतात. फळी फरशीला टेकवू नका, खाली मोकळी जागा सोडा, आमच्याकडे खालची एक ओळ टाइलची आहे आणि लाकूड तिच्या वरून सुरू होतं. बाकाखालचा आधार, पाठीची फळी, हीटरभोवतीचा कठडा जिथे स्क्रू होणार तिथे मागे जाड लाकूड आत्ताच टाकून ठेवा आणि भिंत बंद करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, टेपमापासकट. पुढे फार उपयोगी पडतात.

पायरी ४: लाकूड

भिंतीचं लाकूड वेगळं, बाकाचं वेगळं, हे आधी डोक्यात घ्या. भिंतीला कुणी टेकून बसत नाही फारसं, बाकावर उघडं अंग टेकतं.

भिंतीला सगळ्यात स्वस्त स्प्रूस, पाटीवर कूसी लिहिलेलं असतं. मला २० युरोच्या आसपास चौरस मीटर पडत होतं. दिसायला साधं, गाठी असतात, पण भिंतीला चालतं, इथल्या अर्ध्या सौनांत तेच आहे. अल्डर, म्हणजे तेर्वालेप्पा, लालसर उबदार रंगाचं, डिंक गाळत नाही, मला ते ४५ युरोला मिळालं. आस्पेन म्हणजे हापा, पांढरट, गाठी जवळजवळ नाहीत, डिंक नाही, पण डाग लगेच दिसतात. आणि हापा किंवा इतर लाकूड खूप जास्त तापमानाला भट्टीत भाजून काढलेलं असतं ते थर्मो, लॅम्पोहापा असं लिहितात, रंग चॉकलेटी, पाणी कमी पितं, फुगत-आकसत कमी, पण थोडं ठिसूळ होतं म्हणून स्क्रू मारायच्या आधी भोक पाडून घ्यावंच लागतं. किमतीला सगळ्यात वर.

पाइन, म्हणजे मॅन्तू, याच्याबद्दल सांगते कारण माझी चूक झाली. बाकासाठी ऑफरमध्ये पाइनच्या फळ्या दिसल्या, अर्ध्या किमतीत, घेऊन आले. एक तुकडा तात्पुरता वरच्या बाकाच्या जागी ठेवून सौना तापवून पाहिला, गाठींतून डिंक पाझरायला लागला, चिकट आणि उकळता, आणि गाठीवर मांडी टेकली तर चटका बसला, कारण गाठ बाजूच्या लाकडापेक्षा घट्ट असते, ती उष्णता पटकन अंगाला देते. त्या फळ्या मग बागेतल्या खोक्याला वापरल्या. बाकाला कायम मऊ, हलकं, बिनगाठीचं, डिंक नसलेलं लाकूड: अल्डर, आस्पेन किंवा त्यांचं थर्मो. पुण्याहून सासरे विचारत होते की सागवान का नाही, एवढं टिकाऊ लाकूड, तर उत्तर हेच, लाकूड जितकं जड आणि घट्ट तितका चटका जास्त.

प्लायवूड, एमडीएफ, बाहेरच्या डेकचं ते हिरवट औषध मारलेलं लाकूड, यातलं काहीच आत नको. तापलं की गोंद आणि औषधं हवेत येतात आणि तीच हवा आपण श्वासात घेतो. वार्निश पण नको. बाकाला पॅराफिन तेल पुरतं, भिंतीला सौनासाठीचं म्हणून मिळतं ते पातळ मेण, आणि नाही लावलं तरी भिंतीचं फार काही बिघडत नाही.

आमचा हिशोब असा: भिंती १५.४ चौरस मीटर दार वजा करून, छत ३.६, मिळून १९, कापाकापीत जातं म्हणून २१ घेतलं. सगळं अल्डर केलं असतं तर साडेनऊशे युरो. आम्ही छत आणि हीटरच्या मागची व बाजूची भिंत स्प्रूसची केली, बसल्यावर समोर दिसणाऱ्या दोन भिंती अल्डरच्या, आणि सातशेत बसवलं. फळ्या आणल्या की चार-पाच दिवस घरातच पडू द्या, पॅकिंग उघडून, म्हणजे घरातल्या हवेला सरावतात, नाहीतर लावल्यावर आकसून फटी पडतात.

पायरी ५: बाक, आणि त्याची उंची

उष्णता वर असते. डोकं ९० मध्ये आणि पाय ४० मध्ये असला प्रकार आपण नेहमी हॉटेलांच्या सौनात बघतो आणि मग म्हणतो मला सौना सोसत नाही. इथली जुनी माणसं सांगतात की पाय दगडांच्या उंचीच्या वर पाहिजेत. म्हणून उलटं मोजा, छतापासून खाली. वरचा बाक छतापासून साधारण ११० सेंटिमीटर, त्याच्याखाली पाय ठेवायचा बाक आणखी ४० ते ४५ सेंटिमीटर खाली. २.२ मीटर उंचीत म्हणजे वरचा बाक ११० वर, पायाचा ६५ ते ७० वर, आणि चढायला एक पायरी. वरच्या बाकाची रुंदी ६० ठेवा, मांडी घालून बसता येतं, आपल्याला ती सवय असते.

९० मिलिमीटर रुंद, २८ जाड फळ्या, मध्ये १० मिलिमीटरची फट, वरच्याला सहा, खालच्याला चार, शिवाय पाठ, पुढची पट्टी, पायरी, सगळं मिळून ३५ मीटर लाकूड लागलं. मीटरला ७ युरो धरा, अडीचशे, आणि सांगाड्याचं लाकूड व स्टेनलेस स्क्रू मिळून आणखी पन्नास-साठ. स्क्रू खालून मारा. वरून मारले तर तापलेलं लोखंड अंगाला लागतं. आणि बाक असे करा की उचलून बाहेर काढता येतील, नाहीतर खालची फरशी धुणार कशी.

पायरी ६: हवा

याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. गुदमरणं, डोकं दुखणं, दहा मिनिटांत पळावंसं वाटणं, यात उष्णतेपेक्षा शिळ्या हवेचा हात जास्त असतो. घरात हवा ओढणारी यंत्रणा असेल तर ताजी हवा किउआसच्या वर आणा, म्हणजे ती तापलेल्या हवेत मिसळून वर जाते आणि थंड झुळूक पायाशी लोळत नाही. यंत्रणा नसेल, हवा आपली आपणच वर चढून जात असेल, तर ती किउआसच्या खाली किंवा बाजूला आणा. बाहेर जायची वाट बाकांच्या खाली, हीटरपासून जमेल तितकी लांब. छताजवळ एक वेगळं झाकण असतं, ते सौना चालू असताना बंद आणि झाल्यावर सुकवायला उघडं. ताजी हवा थर्मोस्टॅटच्या सेन्सरवर थेट येऊ देऊ नका, त्याला वाटतं अजून थंडच आहे आणि तो तापवतच राहतो.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि त्याला कडी नाही, नुसतं ढकललं की उघडलं पाहिजे. आत कुणाला चक्कर आली तर एवढंच वाचवतं. आमचं ८ मिलिमीटर काचेचं, ३०० युरो.

पायरी ७: किउआस आणि दगड

हार्विया, नार्वी, हेलो, इकी अशी नावं दुकानात दिसतील. ८ किलोवॅटचा भिंतीवरचा साधा हीटर मला ५०० ला पडला, मोबाइलवरून चालणारे त्याहून बरेच महाग. माझं मत, त्या पैशात जास्त दगड बसतील असा हीटर घ्या. दगड जास्त तर तापायला वेळ जास्त, पण वाफ मऊ आणि लांब टिकणारी येते. सेकंड-हँड हीटर तोरीवर, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या साइटवर, स्वस्तात मिळतात, पण मॅन्युअल नसेल आणि आतल्या कॉइल वाकलेल्या असतील तर नका घेऊ.

हीटरपासून भिंत, बाक, कठडा, छत किती लांब हवं ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, ते अंतर पाळायचंच. लोक म्हणतात मागे सिमेंटचा बोर्ड ठोकला की जवळ लावता येतो, तर तसा बोर्ड थेट भिंतीवर ठोकू नका असं काही मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे, बोर्डामागे उष्णता साठून आग लागू शकते. घरात लहान मूल असेल तर कठडा हवाच.

दगड नदीवरून उचलून आणू नका, आत ओलावा असेल तर तडकतात. ऑलिव्हिन डायबेस किंवा पेरिडोटाइट म्हणून खोकी मिळतात, २० किलोचं खोकं पंधरा युरोपर्यंत. धुवून घ्या, मोठे खाली, छोटे वर, आणि कॉइलच्या मध्ये कोंबू नका, हवा खेळली पाहिजे. वर्षातून एकदा सगळे काढून परत रचा, जे भुगा व्हायला लागलेत ते टाका. नियमित वापरणाऱ्या घरात वर्ष-दोन वर्षांत दगड बदलायला येतात, आणि तीस युरोत सौना परत नव्यासारखा होतो.

एकूण किती झाले

लाकूड सातशे, पीआयआर बोर्ड अडीचशे, पट्ट्या-टेप-फोम-खिळे सव्वाशे, बाक तीनशे, हीटर पाचशे, दगड तीस, दार तीनशे, उष्णता सोसणारे लाइट दीडशे, व्हेंट आणि तेल पन्नास, इलेक्ट्रिशियन साडेतीनशे. म्हणजे पावणेतीन हजार युरोच्या आसपास, आणि यात आमची स्वतःची मजुरी शून्य धरलीय, नवरा आणि मी, पाच शनिवार-रविवार. अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी आणि कचरा टाकायचा खर्च वेगळा. हे आमचे आकडे, भाव दुकानानुसार आणि ऑफरनुसार हलतात, आणि लक्षात ठेवा की २०२४ च्या सप्टेंबरपासून इथे व्हॅट २५.५ टक्के आहे, कोटेशन व्हॅटसकट आहे का ते विचारा.

सुताराकडून करून घेतलं तर मजुरीचे अडीच हजार आणखी धरा. पण घरातल्या जुन्या सौनाच्या दुरुस्तीवर करसवलत मिळते, २०२५ च्या नियमाने कंपनीच्या मजुरीच्या ३५ टक्के, त्यातून १५० युरो वजा, माणशी वर्षाला जास्तीत जास्त १,६००. अडीच हजार मजुरीवर म्हणजे ८७५ वजा १५०, सव्वासातशे कर वाचला. मटेरियलवर मिळत नाही, म्हणून बिलात मजुरी वेगळी लिहून मागा, हे आधीच सांगा.

चालवायचा खर्च विचाराल तर आमच्या मीटरवर एका वेळेला ८ ते १० युनिट जातात. युनिट १५ सेंट धरलं तर दीड युरोच्या आत. तासागणिक बदलणारा भाव घेतला असेल तर थंडीतल्या संध्याकाळी आधी भाव बघा, मग बटण दाबा.

अंगणातला, लाकूड जाळायचा सौना हा वेगळाच विषय आहे. १ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या कायद्याने ३० चौरस मीटरच्या आतल्या अशा छोट्या इमारतीला सहसा परवाना लागत नाही, पण प्लॉटचे नियम आणि आगीची अंतरं पाळावीच लागतात, दुसऱ्या इमारतीपासून ८ मीटरच्या आत असेल तर आगीच्या दृष्टीने जास्तीचं काम निघतं, म्हणून नगरपालिकेच्या बांधकाम खात्याला फोन करूनच सुरुवात करा. चिमणीला बरेच पैसे जातात, आणि राहत्या घरी ती दर वर्षी साफ करून घ्यावी लागते.

पहिल्यांदा तापवताना

पहिल्या वेळेला आत कुणी बसू नका. सगळे व्हेंट उघडे, पूर्ण तापवा, कॉइलवरचं तेल आणि नवेपणाचा वास जळून जाऊ दे. दुसऱ्या दिवसापासून बसा. ७० ला सुरुवात करा, ९० ला नको, आधी कोरडं बसा, मग एक पळी पाणी, मग थांबा. झालं की हीटर पंधरा-वीस मिनिटं आणखी चालू ठेवून वरचं झाकण उघडा म्हणजे लाकूड सुकतं, आणि सुकलेलं लाकूडच टिकतं.

बाकावर बसताना खाली कापड घ्या, लिननचं छोटं मिळतं, त्याला इथे पेफलेत्ती म्हणतात. आमच्याकडे आता नरकचतुर्दशीला पहाटे अंधारात तेल-उटणं लावून आंघोळ आणि मग सौना असा क्रम ठरलाय, बाहेर पाणी गोठायला आलेलं असतं आणि आत पोरं वरच्या बाकावर बसायला भांडत असतात. पण तेल अंगावर असताना आत जाऊ नका, आधी उटण्याने घासून गरम पाण्याने नीट धुवा. अल्डरमध्ये तेल मुरलं की डाग निघत नाही, आमच्या वरच्या बाकाच्या डाव्या कोपऱ्यात पहिल्या दिवाळीचा एक डाग अजून तसाच आहे.